इल्कोच्या दारावरची खळ

मित्रांनो, माझ्याकडे बघून हसू नका. हे जे तुम्हाला मक्याच्या वाळक्या कणसासारखं दिसतंय ना, ते माझं डोकं आहे. एके काळी त्यावर दाट, पांढरे, बोटांना गुदगुल्या करणारे केस होते. मी एक जुना खळीचा कुंचला आहे. वर्बोव दोल नावाच्या गावात, एका बंद घराच्या पायरीवर, पत्र्याच्या डब्यात मी राहतो. डॅन्यूब नदी इथून पायी दोन तासांवर आहे. गावात माणसं सत्तावीस, मांजरं त्याहून जास्त, आणि बंद दारं मोजायचं आम्ही केव्हाच सोडून दिलंय.

माझा जन्म एका डुकराच्या पाठीवर झाला. ते साधंसुधं डुक्कर नव्हतं. नाताळाला घरोघर डुक्कर कापायची आमच्याकडे रीत आहे, आणि हा गडी तीन नाताळ निसटला होता. पहिल्या वर्षी त्यानं कुंपण तोडलं. दुसऱ्या वर्षी तो सरपंचाच्या पलंगाखाली सापडला, तेही सरपंच वर झोपलेले असताना. तिसऱ्या वर्षी तो गोठलेल्या डॅन्यूबवरून चालत पलीकडे रोमानियात गेला आणि वसंतात परत आला, सोबत दोन रोमानियन पिल्लं घेऊन. चौथ्या वर्षी मात्र तो थकला होता. अंगणात स्वतःहून येऊन उभा राहिला म्हणे. त्याच्या पाठीचे केस तालुक्याच्या कुंचलेवाल्यानं घेतले, रानातल्या चिवट लाकडाची मूठ केली, तारेनं आवळून मला बांधलं. पळून जाणाऱ्यांबद्दल माझ्या मनात पहिल्यापासून थोडी माया आहे, ती अशी केसांतूनच आलेली.

मला विकत घेतलं ते गावच्या वाचनगृहानं. तिथं दर शनिवारी सिनेमा दाखवत, आणि सिनेमाची चित्रं भिंतींवर डकवायचं काम मिंचो नावाच्या तरण्या माणसाकडे होतं. मिंचो खळ स्वतः शिजवायचा. पीठ, पाणी, चिमूटभर तुरटी, आणि गुठळी होऊ नये म्हणून सतत ढवळणं. ती खळ अशी जमायची की एकदा भूकंपात वाचनगृहाची कुंपणभिंत पडली आणि तिच्यावरचं चित्र तसंच उभं राहिलं. त्यातली नटी तीन दिवस नुसत्या हवेत उभी राहून हसत होती. चौथ्या दिवशी एका बकरीनं तिला खाल्लं. बकरीचं नाव मला आठवतं, पण तिचे वंशज अजून गावात आहेत, म्हणून सांगत नाही.

ते दिवस चांगले होते, मित्रांनो. काम झालं की मिंचो मला कोमट पाण्यात धुवायचा, झटकायचा आणि डोकं वर करून उन्हात ठेवायचा. कुंचल्याला याहून जास्त काही लागत नाही.

मग माणसं जायला लागली. आधी शहरात, मग परदेशात. सिनेमाला शनिवारी चार जण, मग दोन, मग नुसता मिंचो. वाचनगृहाला कुलूप लागलं. मला वाटलं होतं आता विश्रांती, पण काम उलट वाढलं. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या फोटोचा कागद काळी चौकट छापून दारावर लावतात, खांबावर लावतात, बसथांब्यावर लावतात. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, आणि मग दर वर्षी, लावणारं कुणी उरलं असेल तोवर. जिवंत माणसाची आठवण काढायला आमच्याकडे वेळ नसतो, पण मेलेल्याला विसरायची सोय नाही. हसणाऱ्या नट्या डकवणारा मी, आता म्हाताऱ्याकोताऱ्यांचे गंभीर चेहरे डकवू लागलो. पहिल्या वर्षी सहा, दुसऱ्या वर्षी अकरा. पुढं पुढं चेहरे ओळखीचे निघू लागले, कारण हेच लोक एके काळी भिंतीवरचं चित्र वाचायला थांबायचे.

मिंचोचे केस पांढरे झाले, तो मिंचोकाका झाला, आणि तालुक्याच्या कोर्टात बेलीफ म्हणून लागला. लोकांना शोधून काढायचं आणि कोर्टाचे कागद त्यांच्या हातात द्यायचे, हे त्यांचं काम. माणूस सापडला नाही तर ठरावीक दिवसांच्या अंतरानं तीनदा जायचं, त्यातलं एकदा सुट्टीच्या दिवशी. तरीही नाही भेटला तर नोटीस दारावर डकवायची. काकांनी मला डब्यासकट चामडी पिशवीत घातलं. माझं डोकं पिशवीबाहेर असायचं. त्यामुळे मी सगळं पाहिलं.

माणूस शोधायला काका कधी माणसाबद्दल विचारत नसत. ते धुराडं बघत, कुत्र्याचं पोट बघत, परसातल्या टोमॅटोला पाणी मिळतंय का ते बघत. घरात कुणी नाही असं सांगणाऱ्या गावात टोमॅटो टवटवीत असले की काका टोपी काढून पायरीवर बसून राहत. एक पठ्ठ्या द्राक्षांच्या दारूच्या पिंपात लपला होता. काका दोन तास नुसते पिंपाशेजारी बसले. शेवटी आतून गाणं ऐकू आलं, आणि दुसऱ्या कडव्याला काकांनी साथ दिली.

पण त्यांचा खरा आधार म्हणजे दारांवरचे ते काळ्या चौकटीचे कागद. खाली लिहिलेलं असतं, शोकाकुल अमुक मुलगा, तमुक सून, स्मरणविधी अमुक दिवशी. कुठल्याही दप्तरात न सापडणारा माणूस आईच्या चाळिसाव्या दिवशी दफनभूमीत हमखास सापडतो. काका तिथं जात, पण कबरीपाशी कागद कधी काढत नसत. माणूस फाटकाबाहेर येईपर्यंत थांबत. त्यात दोघे-तिघे मागच्या कुंपणावरून पसारही झाले. कोर्टातल्या कारकूनबाई त्यावरून चिडत, पण कौतुकही करत. मिंचोनं डकवलेला कागद काढायचा तर दार काढावं लागतं, असं त्या नव्या माणसांना सांगत.

एक दिवस त्याच बाईंनी काकांना चिकटपट्टीचं भेंडोळं दिलं. ते माझ्या शेजारीच पिशवीत आलं. चकचकीत, गुळगुळीत, एका झटक्यात काम करणारं. काकांचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते, खळ शिजवायचा कंटाळा यायचा. मी डब्यात कोरडाच राहू लागलो. मी तक्रार केली नाही. कुंचल्याची तक्रार कोण ऐकणार? पण सांगून ठेवतो, त्या पट्टीला ऊन सोसत नाही, थंडी सोसत नाही आणि आमच्या दारांचं जुनं लाकूड तर मुळीच सोसत नाही.

आता ज्या कागदामुळे माझी ही दशा झाली, त्याची गोष्ट ऐका.

वर्बोव दोलच्या खालच्या आळीत गेना नावाची आजी राहायची आणि तिच्याजवळ सात वर्षांची नात, नेव्याना. नेव्यानाची आई रोसित्सा स्पेनमध्ये एका म्हातारीची देखभाल करायची. मुलीला तिकडे नेऊन शाळेत घालायचं तिनं ठरवलं होतं. पण आमच्याकडे मूल देशाबाहेर न्यायचं तर आईबाप दोघांची सही लागते, आणि नेव्यानाचा बाप इल्को मारिन्कोव चार वर्षांपूर्वी जो निघून गेला तो गेलाच. पत्ता नाही, फोन नाही. रोसित्सानं कोर्टात अर्ज केला. कोर्टाचा कागद बापाला मिळाल्याशिवाय गाडी पुढे सरकेना. आदल्या वर्षीही असंच होऊन शाळा सुरू व्हायचा सप्टेंबर निघून गेला होता. नेव्यानाची बॅग तेव्हापासून दाराशी भरून ठेवलेली होती. आतला नवा फ्रॉक एव्हाना आखूड झाला होता.

इल्कोचं घर वरच्या आळीत. आईबाप दोघं गेलेले, दाराला कुलूप, आणि दारावर वरपासून खालपर्यंत त्या दोघांचे कागद. काका जुलैच्या सुरुवातीला पहिल्यांदा तिथं गेले. समोरच्या घरात दोनामावशी राहते. डोळे अधू, चष्मा असून लावत नाही, पण गल्लीतली एकही गोष्ट तिच्या नजरेतून सुटत नाही. ती कुंपणापाशी मिरच्या निवडत होती.

"मावशी, इल्को कुठं असतो हल्ली?"

"तुला कशाला हवाय?"

"कागद द्यायचाय."

"कसला?"

"कोर्टाचा."

"मग मला माहीत नाही."

"आणि कोर्टाचा नसता तर?"

"तरी माहीत नव्हतंच. पण तुला बसायला खुर्ची दिली असती."

काका उभ्यानंच परतले. दुसऱ्या वेळीही तेच कुलूप. टोमॅटो नाहीत, कुत्रा नाही, धुराड्यात चिमणीचं घरटं. परतताना ते गेनाआजीकडे डोकावले, काही धागादोरा मिळतो का पाहायला. आजीनं दही पुढं केलं आणि जावयाला यथेच्छ शिव्या दिल्या. नेव्याना आपल्या बॅगेवर बसून माझ्या केसांना हात लावून बघत होती. तिनं विचारलं, "काका, तुम्ही हरवलेली माणसं शोधता ना?"

"हरवलेली नाही गं, लपलेली."

"दोन्ही एकच की."

"नाही. हरवलेल्या माणसाला सापडायचं असतं."

तिनं थोडा विचार केला. "मग माझा बाबा हरवलेला असेल," ती म्हणाली. काका दही तसंच ठेवून उठले.

वाटेत ते स्वतःशीच हिशेब करत होते. नोटीस डकवली तरी काम तिथंच संपत नाही. कोर्ट गैरहजर माणसासाठी वकील नेमणार, तारखा पडणार, हिवाळा उजाडणार. इल्कोनं स्वतः कागद घेऊन नोटरीपुढं सही केली तर आठवड्याचं काम. पण इल्कोसारख्यांना वाटतं, जो कागद हातात घेतला नाही तो कागद या जगात नाही. अशी माणसं काकांनी आयुष्यभर पाहिली होती. त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्यांना चढावर मध्येच बसलेलं पाहिलं.

तिसरी खेप ऑगस्टच्या पहिल्या रविवारी. तीच पायरी, तेच कुलूप. काकांनी नोटीस काढली. इल्को त्स्वेतानोव मारिन्कोव यांनी वीस ऑगस्टपर्यंत कोर्टात येऊन आपले कागद न्यावेत, असा मजकूर. चिकटपट्टी लावून पाहिली, ती लाकडावरून सापासारखी सोलून खाली आली. दोनदा लावली, दोनदा आली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला.

खळ त्यांनी घरून घाईत करून आणली होती, पातळ झाली होती. ते मला डोकं बुडवताक्षणी कळलं होतं, पण कुंचला बोलत नाही. दारावर जागाही नव्हती. आईचे चार कागद, बापाचे पाच. त्यातला सर्वांत खालचा उन्हानं इतका खाल्लेला की चेहरा गेला होता, अक्षरं गेली होती, उरली होती नुसती दोन बोटं रुंद काळी चौकट. मेलेल्याच्या कागदावर दुसरा कागद लावणं आमच्याकडे पाप समजतात, आणि काकांनी चाळीस वर्षांत ते कधी केलं नव्हतं. पण गुडघे ठणकत होते, ऊन चढलं होतं, परतीची बस गाठायची होती. त्यांनी टोपी काढली, छातीवर क्रूसाची खूण केली. "माफ कर, त्स्वेतान," ते इल्कोच्या बापाला म्हणाले, "तुझ्याच पोराचं काम आहे." आणि नोटीस नेमकी त्या चौकटीच्या आत बसवली.

दुपारी सर आली. पातळ खळीत शाई उतरली. बारीक अक्षरं पुसली जाऊन निळसर डाग झाला. जाड ठशातल्या दोन गोष्टी तेवढ्या राहिल्या, एक नाव आणि एक तारीख. भोवती काळी चौकट.

संध्याकाळी दोनामावशी कोंबड्यांना हाकायला बाहेर आली, समोरच्या दाराकडे पाहिलं आणि तिच्या हातातलं दाण्यांचं सूप खाली पडलं.

वीस ऑगस्ट म्हणजे चाळिसावा दिवस, हे तिनं लगेच ठरवलं. बोटांवर उलटं मोजलं तर इल्को अकरा-बारा जुलैला गेलेला असणार. आणि तिला आठवलं की त्याच सुमाराला तिच्या भिंतीवरचा संताचा फोटो आपोआप वाकडा झाला होता. आता याहून पक्का पुरावा काय हवा? शेजारची म्हातारी म्हणाली, तिनं त्याच दिवशी घुबड पाहिलं. तिसरीनं तर इल्कोला स्वप्नात पाहिलं होतं, ओले मोजे घातलेला. रात्र पडायच्या आत सत्तावीस माणसांना इल्को कसा मेला ते तपशीलवार ठाऊक झालं होतं, आणि तपशील सत्तावीस प्रकारचे होते.

मग फोन सुरू झाले. मावशीनं मुलाला जर्मनीत कळवलं, त्यानं मित्राला इटलीत, मित्रानं चुलत्याला. आणि आता गंमत बघा. जिवंत इल्कोचा पत्ता चार वर्षांत कुणाला सांगता आला नव्हता. मेलेल्या इल्कोचा पत्ता दीड दिवसात लागला. दक्षिण इटलीत तो एका शेतावर म्हशी सांभाळत होता. चुलत्याच्या ओळखीच्या माणसानं त्याच्या मुकादमाला फोन करून सांत्वन केलं. मुकादमानं फोन ठेवून गोठ्याकडे पाहिलं, तर इल्को दूध काढत बसलेला. "अरे, तू मेलास म्हणे," मुकादम म्हणाला. "वीस तारखेला गावी तुझ्या चाळिसाव्याचा गहू शिजवणार आहेत."

बातमी अशी इटलीला पोचली, जर्मनीला पोचली, स्पेनमध्ये रोसित्सालाही पोचली. ती फोनवरच रडली. तालुक्याला मात्र, वीस किलोमीटरवर, मिंचोकाकांना कुणी कळवलं नाही. त्यांना कशाला कळवायचं, ते थोडेच नातेवाईक होते?

गेनाआजीनं काळा रुमाल बांधला. बाप नाही म्हटल्यावर आता सही लागणार नाही, हा विचार तिच्या मनात येऊन गेला आणि त्याची तिला इतकी लाज वाटली की तिनं जावयासाठी एका मेणबत्तीऐवजी दोन लावल्या. नेव्यानाला तिनं सांगितलं. मूल रडलं नाही. तिनं एवढंच विचारलं की बाबाचा कागद लावलाय का, कारण कागदावर फोटो असतो आणि बाबाचा चेहरा तिला आठवत नव्हता.

वीस तारखेला काका मला घेऊन आले. मुदतीच्या शेवटच्या दिवशी कागद जागेवर आहे का ते बघून यायचं, हा त्यांचा स्वतःचा नियम. गल्लीच्या तोंडाशीच त्यांना गर्दी दिसली. अंगणात बाकडी, बाकड्यावर साखर पेरलेला उकडलेला गहू, पाव, दारूचे छोटे पेले. पाद्रीबुवा धुपाटणं हलवत होते. काकांनी टोपी काढली. कोण गेलं असावं, असं मनाशी म्हणत दाराकडे पाहिलं, आणि काळ्या चौकटीत त्यांना आपलीच नोटीस दिसली.

नेव्याना दारापुढं उभी होती. सगळे कागद ती एकेक करून बघत होती. आजीकडे वळून म्हणाली, "बाकीच्यांचे फोटो आहेत. बाबाचाच का नाही लावला?" आजी म्हणाली, मिळाला नसेल.

काकांनी तोंड उघडलं. पण पाद्रीबुवांचं चालू होतं, आणि चालू प्रार्थनेत बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. तेवढ्यात गल्लीच्या दुसऱ्या टोकानं एक माणूस आला. दाढी वाढलेली, उन्हानं काळा पडलेला, दोन दिवसांच्या बसप्रवासानं चुरगळलेला, बुटांना गोठ्याचा वास. तो मागच्या रांगेत येऊन उभा राहिला. दोनामावशी पेले वाटत होती. तिनं वर न बघताच एक पेला त्याच्या हातात कोंबला. सगळ्यांनी पेला तिरका करून थोडी दारू जमिनीवर सांडली, देव त्याला क्षमा करो म्हणाले. त्या माणसानंही सांडली. देव त्याला क्षमा करो, तोही म्हणाला. लहानपणापासूनची सवय, हात आपोआप चालतो. मला वाटतं, आपल्याच नावानं दारू सांडणारा तो जगातला पहिला माणूस असावा.

मग नेव्याना गव्हाचं तबक घेऊन निघाली. घरच्यांनी वाटायचं असतं, आणि घरचं असं तिथं तीच होती. एकेकापुढं थांबत ती त्या माणसापुढं आली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, जसं कुठल्याही परक्या पाहुण्याकडे पाहतात.

"घ्या," ती म्हणाली. "माझ्या बाबाच्या नावानं."

त्यानं गव्हाचा चमचा घेतला. तोंडात घातला. चावता चावता तो तिच्याकडेच बघत राहिला. मुलगी विनयानं थांबून राहिली, चमचा परत घ्यायचा होता म्हणून.

"आणखी?" तिनं विचारलं.

तो खाली बसला, तिथंच, धुळीत. तेव्हा कुठं दोनामावशीनं खिशातून चष्मा काढून लावला. तिची नजर त्याच्यावर गेली, मग दारावर, मग पुन्हा त्याच्यावर.

"इल्को," ती म्हणाली, "दोन दिवस राबून गहू शिजवलाय मी. तू आधी नाही का यायचं?"

पाद्रीबुवा थांबले. दोघी म्हाताऱ्या पळाल्या, एक परत आली, पाव विसरला होता म्हणून. गेनाआजीनं काळा रुमाल सोडला आणि त्याच रुमालानं जावयाला दोन फटके मारले. इल्कोनं ते मुकाट्यानं खाल्ले. मी मेलो असं कुणी सांगितलं असेल पोरीला, या विचारानं पगार हाती पडताच म्हशी सोडून निघालो, एवढंच तो म्हणाला. मग काका पुढं झाले. कागद पिशवीतून काढला, पण पुढं केला नाही. तसाच हातात धरून ठेवला. मी जवळून पाहिलं, मित्रांनो, त्यांच्या चेहऱ्यावर सापडल्याचा आनंद नव्हता. नुसता शीण होता.

"लपलास का रे?" त्यांनी विचारलं. "पोरगी वर्षभर बॅगेवर बसलीय."

इल्को जमिनीकडे बघत होता. "मला ठाऊक होतं ती इथं आहे," तो म्हणाला. "खालच्या आळीत, आजीपाशी. मी कुठंही असलो तरी तेवढं ठाऊक असायचं. तिकडे गेली की तेही जाणार."

"आणि तू कुठं आहेस ते तिला नको का ठाऊक असायला?" दोनामावशी कडाडली. "का तेवढ्यासाठी दर वेळी मी गहू शिजवू?"

इल्कोनं हात पुढं केला. काकांनी कागद दिला. पोच द्यायची तर टेबल नव्हतं, म्हणून काका वाकले आणि त्यांच्या पाठीवर कागद ठेवून इल्कोनं सही केली. तोवर नेव्याना तबक खाली ठेवून त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली होती. दारावरचे कागद वाचावेत तशी ती त्याचा चेहरा वाचत होती, वरून खाली, सावकाश. मग तिनं त्याच्या दाढीला हात लावून पाहिला. माझ्या केसांना लावला होता तसाच.

काकांनी कोर्टाला अहवाल दिला तो असा. सदर इसम स्वतःच्याच स्मरणविधीस हजर आढळला, समन्स बजावले, प्रकृती उत्तम. कारकूनबाईंनी तो दोनदा वाचला आणि शिक्का मारला. मेलेल्याच्या कागदावर नोटीस लावल्याबद्दल काकांना पाद्रीबुवांकडून बोलणी खावी लागली, ती त्यांनी खाल्ली. दुसऱ्या दिवशी इल्कोनं नोटरीपुढं सही केली. सप्टेंबरात रोसित्सा आली आणि मुलीला घेऊन गेली. फ्रॉक तिथं नवा घेतला म्हणे.

आणि इल्को? परत जाण्याआधी त्यानं दारावरचं आपलं नाव खरवडून काढायचा प्रयत्न केला. खळ पातळ असली तरी माझ्या हातची होती, निघाली नाही. मग त्यानं काकांकडून मला मागून घेतलं, मावशीकडून पीठ घेतलं, खळ शिजवली आणि त्या काळ्या चौकटीखाली, उंबरठ्यालगतच्या चिंचोळ्या जागेत वहीतला एक कागद डकवला. त्यावर स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, इल्को मारिन्कोव, जिवंत, आणि खाली इटलीतल्या त्या शेताचा पत्ता आणि फोन. आमच्या गावच्या दारांवर जिवंत माणसाचं नाव तेव्हा पहिल्यांदा लागलं. ते बघून दोनामावशीनं जर्मनीतल्या मुलाचा पत्ता आपल्या दारावर लावायला लावला, मग शेजारणीनं, मग आणखी दोघींनी. त्या आठवड्यात मी जितका राबलो तितका सिनेमाच्या दिवसांतही राबलो नव्हतो. इल्को निघायच्या दिवशी काका कुंपणाशी आले तेव्हा मावशीनं त्यांना बसायला खुर्ची दिली.

पण बस आली. इल्को घाईत मला डब्यात टाकून पळाला. धुतलं नाही. खळ केसांत वाळली, दगड झाली. काका त्या हिवाळ्यात निवृत्त झाले, आणि आता त्यांचाही कागद बसथांब्यावर आहे. चिकटपट्टीनं लावलेला. मावशीनं मला या पायरीवर ठेवून दिलं, इल्कोचा पत्ता बदलला तर लागेल म्हणून.

पत्ता बदलला. गेल्या उन्हाळ्यात नेव्याना आली होती, आता चांगली उंच झालीय. बापाचा नवा पत्ता आणि फोन तिनं लिहून आणला होता. माझ्याकडे बघितलं, केसांवर बोट फिरवलं, कडक लागले म्हणून मला खाली ठेवलं आणि खिशातून चिकटपट्टी काढली. एका झटक्यात काम झालं. ऑक्टोबरच्या वाऱ्यानं कागदाची एक बाजू उडाली. फोनचे शेवटचे दोन आकडे गेले.

म्हणून मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी या वाटेनं आलात तर एवढं करा. मला घरात नेऊ नका, कपाटात ठेवू नका. मावशीकडून थोडं कोमट पाणी मागा आणि मला त्यात सकाळपासून दुपारपर्यंत बुडवून ठेवा. ती विचारेल कशाला हवंय. सांगा, इल्कोचे दोन आकडे लावायचेत. आकडे तिला पाठ आहेत. आणि काम झाल्यावर, विसरू नका, मला धुवा.